व्हिडिओ आहे, पण सर्टिफिकेट आहे का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतो आहे. भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.

आजचा प्रश्न साधा आहे. तुमच्या मोबाइलमध्ये एक व्हिडिओ आहे. समजा, घरमालक धमकी देतोय, किंवा अपघातात चूक कोणाची होती ते स्पष्ट दिसतंय. हा व्हिडिओ कोर्टात चालतो का?

चालतो. पण त्याच्यासोबत एक कागद लागतो. आणि त्या कागदावरून आपल्या देशात जवळपास वीस वर्षं वाद चालला. सुप्रीम कोर्टाने एकदा एक सांगितलं, मग उलटं सांगितलं, मग थोडं सैल केलं, मग पुन्हा घट्ट केलं. शेवटचा मोठा निकाल आला तो आपल्या जालन्याच्या निवडणुकीवरून. तंत्रज्ञान बदललं की कायदा काय करतो, हे समजून घ्यायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही. म्हणून आज सगळा वेळ या एका कागदाला.

टेपरेकॉर्डर आला तेव्हा

आपला जुना पुरावा कायदा १८७२ सालचा. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या इंग्रज कायदेपंडिताने तो लिहिला. तेव्हा टेलिफोनसुद्धा नव्हता. तरी हा कायदा दीडशे वर्षं टिकला, कारण त्याची काही कलमं फार मोकळी लिहिलेली होती. 'दस्तऐवज' म्हणजे काय? तर कोणत्याही पदार्थावर अक्षरं, आकडे किंवा खुणांनी नोंदवलेली गोष्ट. कायद्यात दिलेल्या उदाहरणांमध्ये दगडावर किंवा धातूच्या पत्र्यावर कोरलेला मजकूरही दस्तऐवजच मानला आहे. कागदाचं बंधन नाही.

मग टेपरेकॉर्डर आला. १९६७ साली सुप्रीम कोर्टापुढे मुंबईचं एक प्रकरण होतं. महापालिकेच्या एका कर्मचाऱ्याला लाच देऊ केल्याचा आरोप होता, आणि पोलिसांनी मायक्रोफोन लपवून ते बोलणं टेप केलं होतं. युसुफअली इस्माईल नगरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य असं त्या खटल्याचं नाव. आता १८७२च्या कायद्यात टेपरेकॉर्डर हा शब्द कुठून असणार? कोर्टाने त्यासाठी नवा कायदा मागितला नाही. टेप ही फोटोसारखी समजा, असं म्हटलं. पण सोबत सावधही केलं, की टेप पुसता येते, त्यावर पुन्हा रेकॉर्डिंग करता येतं, म्हणून ती जपून स्वीकारायची. आवाज कोणाचा ते सिद्ध करा, रेकॉर्डिंग कधी आणि कुठे झालं ते सांगा, मधल्या काळात कोणी छेडछाड केली नाही हे दाखवा.

हे तीन प्रश्न लक्षात ठेवा. नोंद कोणी आणि कशी केली? कोणाच्या ताब्यात होती? मध्ये बदलली का? यात यंत्राचं नावही नाही. टेप, कॅसेट, सीडी, पेन ड्राइव्ह, काहीही आलं तरी हे प्रश्न तसेच उभे राहतात.

मग कॉम्प्युटर आला, आणि आपण कायदा लिहिला

२००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला. ई-कॉमर्स, डिजिटल सही, सगळा उत्साहाचा काळ. त्याच वेळी पुरावा कायद्यात एक नवं कलम घातलं गेलं, ६५-ब. कोर्टात सगळे त्याला 'सिक्स्टी-फाइव्ह बी' म्हणतात. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत, म्हणजे प्रिंटआउट, सीडी, पेन ड्राइव्ह, कोर्टात द्यायची असेल तर सोबत एक प्रमाणपत्र हवं, असं ते कलम सांगत होतं.

प्रमाणपत्रात काय हवं? तो कॉम्प्युटर नियमितपणे त्या कामासाठी वापरला जात होता, त्यात माहिती नियमितपणे भरली जात होती, तो त्या काळात नीट चालत होता. आणि सही कोणाची? त्या यंत्राच्या कामकाजात किंवा त्या व्यवहाराच्या व्यवस्थापनात जबाबदारीच्या अधिकृत पदावर असलेल्या व्यक्तीची.

हे वाचून डोळ्यांसमोर काय येतं? बँकेतली एसी खोली, त्यात कपाटाएवढा कॉम्प्युटर, पंचिंग करणारे ऑपरेटर आणि टाय लावलेला ईडीपी मॅनेजर. बरोबर ना? कारण या कलमाचा साचा इंग्लंडच्या १९६८च्या दिवाणी पुरावा कायद्यातला होता. १९६८चा कॉम्प्युटर तसाच होता. आणि गंमत अशी, की इंग्लंडने ती तरतूद १९९५च्या कायद्याने काढून टाकली. आपण ती घेतली २००० साली. तिथे मोडीत निघालेलं माप आपण पाच वर्षांनी आणून नवा अंगरखा शिवला.

आता हे माप आजच्या माणसाला लावून बघा. रस्त्यावरच्या माणसाने मोबाइलवर मारामारीचा व्हिडिओ काढला. त्याच्या फोनमध्ये मारामारीची माहिती 'नियमितपणे भरली' जात होती का? आणि स्वतःच्या मोबाइलच्या बाबतीत 'जबाबदारीच्या अधिकृत पदावर' कोण असतं? आपणच. पण कलम लिहिताना असा माणूस कोणाच्या डोक्यातच नव्हता.

झोका

२००५ साली संसद हल्ल्याच्या खटल्यात मोबाइल कॉलच्या नोंदी पुरावा म्हणून आल्या. ६५-बचं प्रमाणपत्र नव्हतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, हरकत नाही, दुय्यम पुराव्याच्या जुन्या कलमांखाली त्या घेता येतात. म्हणजे प्रमाणपत्र ऐच्छिक झालं. पुढची नऊ वर्षं देशभरात त्याच हिशोबाने खटले चालले.

२०१४ साली केरळमधल्या एका निवडणूक खटल्यात, अन्वर विरुद्ध बशीर, प्रचारातली भाषणं आणि गाणी सीडीवर आली होती. प्रमाणपत्र नव्हतं. या वेळी तीन न्यायाधीशांचं खंडपीठ म्हणालं, चालणार नाही. इलेक्ट्रॉनिक नोंदीसाठी खास कलम आहे, तर तेच लागू होणार. त्यामागचं कारणही पटण्यासारखं होतं. इलेक्ट्रॉनिक नोंद बदलणं सोपं असतं, आणि बदललेलं डोळ्यांना दिसत नाही.

पण २००५च्या निकालावर विसंबून ज्यांनी प्रमाणपत्राशिवाय खटले चालवले होते, त्यांचं काय? अनेक खटले अपिलात अडकलेले. पुढे २०१८ साली शफी मोहम्मद प्रकरणात दोन न्यायाधीशांनी सूट दिली, की यंत्र ज्याच्या ताब्यात नाही, त्याला प्रमाणपत्राची सक्ती करू नये. माणुसकीच्या दृष्टीने बरोबर होतं, पण तीन न्यायाधीशांचा निकाल दोघांना असा बाजूला ठेवता येतो का, हा नवा वाद सुरू झाला. खालच्या कोर्टाने ऐकायचं कोणाचं?

जालना, दुपारचे तीन

आता आपल्या जालन्याची गोष्ट. २०१४ची विधानसभा निवडणूक. शिवसेनेचे अर्जुन खोतकर काँग्रेसच्या कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी पुढे राहिले आणि निवडून आले. गोरंट्याल हायकोर्टात गेले. त्यांचं म्हणणं मतमोजणीबद्दल नव्हतं, घड्याळाबद्दल होतं. उमेदवारी अर्ज भरायची मुदत २७ सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत होती आणि खोतकरांचे अर्ज नियमाप्रमाणे तीनच्या आत दाखल झालेच नाहीत, असा त्यांचा दावा होता.

पुरावा काय? निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात आत आणि बाहेर व्हिडिओ कॅमेरे होते. अर्ज कधी आले, कोण कधी आत गेलं, ते त्या चित्रीकरणात होतं. हायकोर्टाच्या आदेशाने त्या सीडी कोर्टात आल्या. पण ६५-बचं प्रमाणपत्र? ते द्यायला हवं होतं सरकारी अधिकाऱ्यांनी, कारण कॅमेरे त्यांचे. गोरंट्याल यांनी ते मागितलं, पण मिळालं नाही.

अडचण लक्षात आली का? व्हिडिओ आहे. सरकारी आहे. कोर्टाने स्वतः मागवून घेतला आहे. पण कायदा म्हणतो प्रमाणपत्राशिवाय बघायचा नाही, आणि ज्यांच्या हातात प्रमाणपत्र आहे ते देत नाहीत. नागरिकाने करायचं काय?

नोव्हेंबर २०१७ मध्ये हायकोर्टाच्या औरंगाबाद खंडपीठाने खोतकरांची निवड रद्द ठरवली. अधिकारी साक्षीला आल्या होत्या, उलटतपासणीत चित्रीकरणाबद्दल बोलल्या होत्या, म्हणजे प्रमाणपत्राचा हेतू साधलाच, असं त्या निकालाचं एक सूत्र होतं. अपील सुप्रीम कोर्टात गेलं आणि १४ जुलै २०२० ला तीन न्यायाधीशांनी निकाल दिला.

निकालात तीन महत्त्वाच्या गोष्टी होत्या. पहिली, प्रत देणार असाल तर प्रमाणपत्र सक्तीचंच. तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही, आणि २०१८ची सूट चुकीची होती. दुसरी, मूळ यंत्रच कोर्टात आणलं, म्हणजे ज्या फोनवर व्हिडिओ काढला तोच फोन घेऊन मालक साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर प्रमाणपत्राची गरज नाही. तिसरी गोष्ट आपल्या दृष्टीने सगळ्यात मोलाची. यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो प्रमाणपत्र देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करा. कोर्ट त्याला आदेश देऊ शकतं. आणि तुम्ही तुमच्या बाजूने शक्य ते सगळं केलं असेल, तर जे अशक्य आहे ते न केल्याची शिक्षा कायदा तुम्हाला देत नाही.

गोरंट्याल यांनी शक्य ते केलं होतं, शिवाय इतर पुरावाही होता. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. मात्र तोवर ती विधानसभा संपली होती, २०१९ची निवडणूक होऊन गेली होती आणि त्यात जालन्यातून गोरंट्यालच निवडून आले होते. एका कागदावरचा वाद आमदारकीच्या मुदतीपेक्षा जास्त चालला.

याच निकालात एका न्यायाधीशांनी स्वतंत्र मत लिहून म्हटलं, की इतर देशांनी काळाप्रमाणे आपले कायदे सुधारले, आपणही या कलमाचा फेरविचार करायला हवा.

मग कागदच काढून टाकावा का?

इथपर्यंत ऐकून वाटतं, की हे प्रमाणपत्र म्हणजे नुसती कटकट. काढून टाका. इंग्लंडने नेमकं तेच केलं. दिवाणी खटल्यांतून १९९५च्या कायद्याने आणि फौजदारी खटल्यांतून १९९९च्या कायद्याने त्यांनी अशा अटी काढल्या. त्यानंतर गृहीतक असं झालं, की कॉम्प्युटर नीटच चालत होता. चालत नव्हता असं म्हणणाऱ्याने तसा काही आधार दाखवावा.

त्याच सुमारास तिथल्या पोस्ट खात्याने 'होरायझन' नावाची नवी कॉम्प्युटर यंत्रणा बसवली. गावोगावच्या छोट्या पोस्ट कार्यालयांच्या हिशोबात तूट दिसायला लागली. चालवणारे लोक म्हणत होते, आम्ही पैसे घेतलेले नाहीत. पण कॉम्प्युटर सांगतो तूट आहे, आणि कॉम्प्युटर तर बरोबरच असतो! नऊशेहून जास्त लोक दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, कित्येकांची घरं आणि गावातलं नाव गेलं. पुढे २०१९ साली तिथल्या हायकोर्टाने निकाल दिला, की यंत्रणेतच दोष होते आणि खात्यांमध्ये बाहेरून शिरून बदल करणंही शक्य होतं. २०२४ साली संसदेला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

त्या छोट्या पोस्टमास्तरांनी काय सिद्ध करायचं होतं? एका प्रचंड यंत्रणेत चूक आहे हे. पण तिची माहिती कोणाकडे? यंत्रणा चालवणाऱ्यांकडे. ते सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नव्हतंच.

म्हणून मला जालना आणि होरायझन ही एकाच नाण्याची दोन टोकं वाटतात. आपण कागद इतका घट्ट धरला, की खरा पुरावा दाराबाहेर राहायची वेळ आली. त्यांनी तो इतक्या सहज सोडला, की खोटा पुरावा थेट घरात शिरला. आणि दोन्हीकडे भरडला गेला तो यंत्र ज्याच्या हातात नाही तो माणूस.

२०२४ पासूनचा नवा कायदा

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. ६५-बची जागा आता कलम ६३ ने घेतली आहे. 'दस्तऐवज' या शब्दाच्या उदाहरणांत ईमेल, सर्व्हरवरच्या नोंदी, स्मार्टफोनमधले मेसेज, लोकेशन, व्हॉइस मेल हे सगळं आलं. 'जबाबदारीचं अधिकृत पद' गेलं, यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याची सही चालते. प्रमाणपत्राचा छापील नमुनाच कायद्याला जोडला आहे. त्याचे दोन भाग आहेत. 'अ' भाग पुरावा देणाऱ्याने भरायचा, 'ब' भाग तज्ज्ञाने. आणि दोन्हींत एक गोष्ट लिहायची, ती म्हणजे हॅश व्हॅल्यू.

ही हॅश काय भानगड आहे? पोलिस पंचनामा करतात तेव्हा मुद्देमाल कापडात बांधून लाखेचं सील लावतात, पंचांच्या सह्या घेतात. सील तुटलं की कळतं. हॅश म्हणजे फाइलचं लाखेचं सील. संपूर्ण फाइल एका गणिती सूत्रातून काढली की ठरावीक लांबीची एक अक्षर-अंकांची ओळ मिळते. एसएचए-२५६ नावाच्या सूत्रातून ६४ चिन्हांची ओळ येते. फाइलमध्ये एक स्वल्पविराम बदला, सगळी ओळ बदलते. आज काढलेली हॅश आणि दोन वर्षांनी कोर्टात काढलेली हॅश जुळली, तर मधल्या काळात फाइलला हात लागलेला नाही.

आठवतोय टेपच्या वेळचा तिसरा प्रश्न, 'मध्ये बदलली का'? त्याचं गणिती उत्तर आता कायद्यात आलं. ही खरी सुधारणा आहे.

पण खोड पूर्ण गेलेली नाही. माहिती 'नियमितपणे भरली जात होती' वगैरे १९६८च्या अटी कलम ६३ मध्येही आहेतच. नमुन्यात हॅशच्या सूत्रांची नावं छापली आहेत, एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५. यातलं एमडी-५ हे २००४ पासून आणि एसएचए-१ हे २०१७ पासून कमकुवत म्हणून माहीत आहे, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींची एकच हॅश बनवून दाखवली गेली आहे. बरं झालं, 'इतर' असाही एक रकाना ठेवलाय. आणि तो तज्ज्ञ म्हणजे नेमका कोण, त्याची फी कोणी द्यायची, हे कलम ६३ सांगत नाही. मोठ्या कंपनीला तज्ज्ञ मिळतो. जव्हारमधल्या बाईला नवऱ्याचे धमकीचे मेसेज कोर्टात दाखवायचे असतील, तर तिने कोणाकडे जायचं?

आणखी एक. हॅश एवढंच सांगते, की सील लावल्यापासून फाइल बदलली नाही. आत जे आहे ते खरं आहे असं ती सांगत नाही. डीपफेक व्हिडिओलाही हॅश असते, आणि ती अगदी बरोबर जुळते. तिथे पुन्हा जुने पहिले दोन प्रश्नच कामाला येतात, कोणी काढला आणि कोणाच्या ताब्यात होता.

तुम्ही काय करायचं

हा कायदेशीर सल्ला नाही, तुमच्या प्रकरणासाठी वकील गाठाच. पण इतकं प्रत्येकाला करता येतं.

मूळ फोन जपा. तो विकू नका, फॉरमॅट करू नका. व्हिडिओ ज्या फोनवर काढला तो फोन हाच सगळ्यात भक्कम पुरावा. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला व्हिडिओ वाटेत दाबून लहान केला जातो, म्हणजे ती वेगळी फाइल झाली आणि तिची हॅशही वेगळी. प्रत द्यायचीच असेल तर केबलने घ्या किंवा 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ चॅट पुसू नका, आणि आपोआप गायब होणारे मेसेज चालू असतील तर ती सोय बंद करा.

सोसायटीच्या किंवा दुकानाच्या सीसीटीव्हीवर काही हवं असेल तर त्याच दिवशी लेखी मागणी करा, कारण डीव्हीआरमध्ये जुनं पुसून नवं नोंदलं जात असतं. मागणीच्या अर्जावर पोच घ्या. नाही मिळालं तरी तो पोचेचा कागद कामाचा आहे, 'मी शक्य ते केलं' हे जालन्याच्या निकालाप्रमाणे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे.

कायद्याने तंत्रज्ञानाच्या मागे पळावं, असं नेहमी म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. १९६७च्या त्या टेपच्या निकालात यंत्राचं वर्णन नव्हतं, प्रश्न होते, म्हणून ते आज मोबाइललाही लागू पडतात. ६५-ब मध्ये यंत्राचंच वर्णन होतं, म्हणून ते यंत्र म्हातारं झालं तसं कलमही झालं. कायदा करणाऱ्यांनी यंत्र बघण्याआधी एवढंच विचारावं, की ही नोंद कोणाच्या हातात आहे, आणि ती ज्याच्या हातात नाही त्याने न्याय कसा मागायचा.

तुमच्या सोसायटीत, ऑफिसात किंवा कोर्टात असा काही अनुभव आला असेल तर जरूर कळवा. आणि कोणाच्या फोनमध्ये असा एखादा महत्त्वाचा व्हिडिओ पडून असेल, तर त्यांना हा भाग आधी पाठवा, व्हिडिओ फॉरवर्ड करायच्या आधी.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.